पाण्याची अमानत आणि नोंदवहीतील साक्ष

अल्लाहने आपल्या ज्या कृपांची आठवण पवित्र कुरआनात वारंवार करून दिली आहे, त्यांत पाण्याचे स्थान अग्रभागी आहे. प्रत्येक सजीव पाण्यापासून घडविला, असे सूरह अंबियात सांगितले आहे. सूरह फुरकानमध्ये आकाशातून उतरणाऱ्या पाण्याला ‘तहूर’ म्हटले आहे. तहूर म्हणजे स्वतः शुद्ध असलेले आणि दुसऱ्यालाही शुद्ध करणारे. तेच पाणी विहिरीतून टाकीत, टाकीतून नळात आणि नळातून घरच्या माठात येईपर्यंत त्याचे काय होते, याचा जाब मात्र माणसालाच द्यावा लागणार आहे.

लहान गावात ही अमानत मोजक्या हातांत असते. टाकीत टी.सी.एल. पावडर मिसळणारा जलसुरक्षक, साठा आणून देणारी ग्रामपंचायत, तपासणीला येणारा आरोग्यसेवक, बस्स. नियम काही अवघड नाहीत. पावडर मिसळल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्यावा, मग सर्वांत शेवटच्या नळाचे पाणी घेऊन ओ.टी. चाचणी करावी. पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथवर पोहोचले. भारतीय मानक १०५०० प्रमाणे दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. चाचणीची नोंद वहीत करावी आणि खाली सही करावी.

या सहीकडे आपण दीनच्या दृष्टीने कधी पाहिले आहे काय? महिनाभराच्या तारखा एका बैठकीत, एकाच शाईने भरल्या जातात. चाचणीची बाटली फडताळातून बाहेरही निघत नाही. याला आपण ‘कागद पूर्ण करणे’ म्हणतो. शरीअतच्या भाषेत ही खोटी साक्ष आहे. अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एकदा महापातके सांगत असताना टेकून बसले होते, खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सरळ उठून बसले आणि तो शब्द इतक्या वेळा उच्चारत राहिले की, आता त्यांनी थांबावे असे सहाबांना वाटू लागले. न्यायालयातील खोट्या साक्षीने एखाद्याचा हक्क बुडतो. पाण्याच्या वहीतील खोट्या साक्षीवर सारे गाव विसंबून पाणी पिते, आणि त्यात तान्ही मुले असतात.

मापात कसूर करणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये आलेला इशारा केवळ किराणा दुकानदारासाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. ओल्या खोलीत उघडी पडलेली पावडर आपला क्लोरीन गमावते. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर निकृष्ट ठरते. ती टाकीत ओतणारा माप देतो, पण पोकळ माप देतो.

दोष केवळ पंचायतीच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. नळाला थेट मोटार जोडणाऱ्या घराचाच विचार करा. पहिला अन्याय उघड आहे: वरच्या आळीचा हंडा भरेनासा होतो. दुसरा कोणाला दिसत नाही. मोटार पाणी खेचते तेव्हा नळवाहिनीतील दाब घटतो, आणि जिथे वाहिनी गटारातून किंवा त्याच्या शेजारून गेलेली असते तिथे फटीतून घाण आत ओढली जाते. मोटार एकाची, जुलाब अनेकांना. कोणालाही हानी पोहोचवू नये, हे तत्त्व फुकहांनी प्रेषितांच्या (स.) वचनावरूनच घेतले आहे. साठलेल्या पाण्यात लघवी करण्यास त्यांनी मनाई केली, लोकांच्या पाणवठ्यावर शौच करण्यास शापाला कारण ठरणारे कृत्य म्हटले, आणि रात्री पाण्याची भांडी झाकून ठेवावयास सांगितले. जंतू हा शब्द जगाला ठाऊक नव्हता, तेव्हाची ही शिकवण आहे.

मुस्लिम राजवटींत या शिकवणीला कायद्याचे रूपही मिळाले. बाराव्या शतकाच्या सुमारास सेव्हिल शहराच्या हिस्बाविषयी लिहिताना इब्न अब्दून याने भिश्त्यांसाठी नदीवर वेगळी जागा राखावी, गढूळ ठिकाणाहून पाणी भरू देऊ नये, असे सांगितले आहे. मुहतसिबचे हे काम आज जलसुरक्षकाकडे आले आहे. त्याला अडवणे, ‘क्लोरीनचा वास येतो, आज टाकू नको’ असे दरडावणे, हे कोणत्या तोंडाने करावे? अल्लाहवर भरवसा आहे, असे कोणी म्हणेल. पण उंटाला आधी बांध आणि मग भरवसा ठेव, अशीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

आता एका गैरसमजाविषयी. ‘आमच्या मस्जिदीची विहीर पाक आहे, तपासायचे काय?’ असे मुतवल्लीसाहेब म्हणतात. फिक्हच्या ग्रंथांत पाण्याच्या पाकीची चर्चा मुख्यत्वे रंग, वास व चव यांच्या आधारे होते, आणि वुजूसाठी तो निकष योग्यच आहे. परंतु फ्लोराइड, नायट्रेट आणि रोगजंतू यांना यांपैकी काहीच नसते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत नितळ, गोड पाण्याच्या फ्लोराइडनेच दात आणि हाडे खराब केली. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून जास्त झाले तर बाटलीचे दूध पिणाऱ्या अर्भकाचे अंग निळे पडू शकते. पाक असणे आणि पिण्यास योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमा ही विहीर विकत घेऊन वक्फ केली, तेव्हा त्यांचा पोहराही इतरांच्या पोहऱ्यांसारखाच एक झाला. मालकी गेली, जबाबदारी सर्वांची झाली. मस्जिदीची विहीरही वक्फच आहे. म्हणून तिच्या पाण्याचा नमुना वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा; अहवाल जुम्याच्या दिवशी फलकावर लावावा, प्रतिकूल असला तरीही. फ्लोराइड किंवा नायट्रेट अधिक निघाल्यास वुजूला ते पाणी चालू ठेवून पिण्याची सोय वेगळी करता येईल. जंतू आढळले तर मात्र वुजूचे नळही बंद ठेवून आधी विहिरीचे निर्जंतुकीकरण आणि फेरतपासणी करून घ्यावी. कारण वुजूत तेच पाणी तीन वेळा तोंडात आणि नाकात जाते.