ओढणे नव्हे, सोबत चालणे



गोव्यात असताना मी व माझी पत्नी हौसेने वॉल्ट्झ हा जोडीचा नाच शिकू लागलो. तीन ठोक्यांची चाल. पुरुषाचे डावे पाऊल पुढे, तर स्त्रीचे उजवे मागे. चुकलो की मी तिला ओढी व दोषही तिलाच देई. एके दिवशी तिने हात सोडला. "घरीही असेच ओढता," ती हळूच म्हणाली.

शिक्षक म्हणाले, "त्यांचा भार कोणत्या पायावर आहे ते ओळखा, मगच पाऊल टाका."

इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल पतीला मस्तक म्हणतो. परंतु त्याआधी, २१ व्या वचनात, परस्परांच्या अधीन व्हावयास सांगतो.

त्या रात्री मी प्रथमच विचारले, "तुझ्या मनावर कसला भार आहे?" पतींनो, आपण कधी विचारले आहे काय?