आधी सुटका, मग आज्ञा

नियमशास्त्र आणि कृपा यांना एकमेकांचे वैरी ठरवणे मला चुकीचे वाटते. निर्गम ग्रंथातला क्रमच पाहा: इस्राएल लोक मिसरातून सुटतात, समुद्र ओलांडतात आणि त्यानंतर सीनाय पर्वतावर त्यांना दहा आज्ञा मिळतात. आज्ञा पाळून त्यांनी सुटका कमावलेली नाही. मग नियमशास्त्राविरुद्ध इतके कडक लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा राग कशावर होता? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो अंत्युखियातला प्रसंग सांगतो. प्रेषित पेत्र तिथे परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली आणि तो वेगळा बसू लागला. पौलाने सर्वांदेखत त्याला जाब विचारला. पंक्तिभेदाचा अपमान मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. देवाच्या घरात शिरण्यासाठी आधी सुंता करून यहूदी व्हा, ही त्या वेगळ्या पंक्तीमागची अट पौलाला असह्य होती.

यावर विचारतात, कृपा फुकट मिळाली तर माणूस वाटेल तसा वागणार नाही का? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल स्वतःच हा प्रश्न उभा करतो आणि साफ झिडकारतो. याकोबाचे पत्र तर कृतीवाचून असलेल्या विश्वासाला निर्जीव म्हणते. धर्मसुधारक ल्यूथरने १५२२ मध्ये त्याला पेंढ्याचे पत्र म्हणून कमी लेखले. तिथे त्याने घाई केली. उघड्या, उपाशी भावाची नुसत्या गोड शब्दांवर बोळवण करणाऱ्याने कृपा ओळखलीच नाही, एवढेच याकोब सांगतो. सत्कर्मे कृपेतून उगवतात, ती तिची किंमत नाहीत, हे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी औग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी सही करून मान्य केले आहे.