ऋणमुक्ती आणि राहते घर

दिवाळखोरीची दरखास्त दाखल करणाऱ्या गृहस्थाने आपले राहते घर राखावे की सोडावे, हा प्रश्न वकिलाच्या कचेरीत निघतो तेव्हा तो निव्वळ हिशेबाचा भासतो. परंतु ज्याने उभ्या आयुष्यात घेतलेली पै न् पै परत केली आणि दीर्घ आजाराने किंवा नोकरी गेल्याने ज्याची फेडण्याची शक्तीच आता सरली, अशा माणसाच्या मनात तोच प्रश्न निराळे रूप घेऊन उभा राहतो. दुसऱ्यांचा पैसा बुडवावा आणि आपण मात्र आपल्याच छपराखाली निजावे, हे धर्माला धरून आहे काय? अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला तर हा प्रश्न दुहेरी जाचतो. कारण तेथे घर बहुधा तीस वर्षांच्या गहाणावर घेतलेले असते, आणि न फेडलेले ऋण पुढील जन्मी धनकोच्या दारी दास किंवा पशू होऊन फेडावे लागते, ही स्मृतिकारांनी घातलेली धास्ती मनात पिढ्यान् पिढ्या मुरलेली असते.

प्रथम कायद्याची रीत पाहिली पाहिजे, कारण येथे धर्माधर्माचा निवाडा तपशिलावर अवलंबून आहे. १९७८ च्या अमेरिकन दिवाळखोरी संहितेच्या सातव्या प्रकरणान्वये ऋणकोला मुक्ती मिळाली, म्हणजे गृहकर्जाचीही त्याच्यावरील वैयक्तिक जबाबदारी संपते. त्या कर्जापोटी धनकोला त्याचा पगार जप्त करता येत नाही की त्याच्यावर दावा लावता येत नाही. परंतु घरावरील गहाणाचा बोजा जसाच्या तसा कायम राहतो, आणि हप्ते थांबले की घर लिलावास निघू शकते. जॉर्जिया राज्यातून आलेल्या लाँग विरुद्ध बुलार्ड या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्येच हे तत्त्व मान्य केले होते की दिवाळखोरीने माणूस सुटतो, गहाण सुटत नाही.

आपल्या परंपरेने ऋण माणसाच्या रक्ताला चिकटलेले मानले. पित्याचे ऋण पुत्राने व्याजासह फेडावे, नातवाने मुद्दलापुरते, आणि पणतूवर मात्र सक्ती नसावी, अशी बृहस्पतीची व्यवस्था आहे. या पाश्चात्त्य व्यवस्थेत ऋण माणसावरून उतरते आणि घराच्या भिंतींना धरून राहते. त्यामुळे ज्याच्या हाती गहाणखत आहे त्याला दरमहा पूर्ण हप्ता पोहोचतो. ज्या इस्पितळाने प्राण वाचवले, ज्या स्नेह्याने कागद न करता रक्कम दिली, त्यांच्या पदरी मात्र बहुधा काहीच पडत नाही. ऋणकोला सर्व धनकोंची यादी शपथेवर द्यावी लागते, आणि त्या यादीत पतकार्डाच्या दोन कंपन्यांच्या मधोमध स्वतःच्या हाताने मित्राचे नाव लिहिताना माणसाच्या मनाला जी वेदना होते, ती मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत खरी गोष्ट वाटते. घर राखण्यातला पेच बँकेशी नाही. तो या मित्राशी आहे.

शास्त्राकडे वळावे तर कुटुंबाला बाध येणार नाही इतकेच द्यावे, असे याज्ञवल्क्य स्पष्ट सांगतो, आणि पोष्यवर्गाला उपाशी ठेवून परलोकासाठी केलेला धर्म दुःखालाच कारण होतो, असे मनूनेही म्हटले आहे. पण ही वचने दानाची आहेत, ऋणाची नव्हेत. दान आपल्या धनाचे असते, ऋण परक्या धनाचे, हा भेद लपवून त्यांचा आधार घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऋणाच्या प्रकरणात याज्ञवल्क्याचे निराळे वचन आहे: निर्धन झालेल्या ब्राह्मणाकडून जशी प्राप्ती होईल तसे हळूहळू फेडून घ्यावे. हीनजातीच्या निर्धनाकडून मात्र ऋणापोटी काम करवून घ्यावे, असे त्याच श्लोकात सांगितले आहे, आणि हा अन्याय स्मृतीच्या पदरी घालताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. जी सवलत एका वर्णापुरती राखली गेली, ती अमेरिकेच्या त्याच संहितेतील तेराव्या प्रकरणाने नियमित उत्पन्न असलेल्या माणसाला, कर्जाच्या ठरावीक मर्यादेत, जात किंवा कूळ न विचारता दिली. तीन ते पाच वर्षांची फेडीची योजना न्यायालयाने मंजूर करावी, घराची थकबाकी त्या मुदतीत थोडीथोडी भरावी, चालू हप्ता वेळेवर द्यावा, आणि अर्ज दाखल होताच लागू होणाऱ्या मनाईमुळे तोपर्यंत लिलाव थोपवून धरावा, अशी ती योजना आहे. आणि इतर धनकोंनाही तिच्यातून, उत्पन्नाच्या मानाने का होईना, वाटा मिळतो. ज्याला नियमित मिळकत आहे त्याने हाच मार्ग धरावा, असे मी निःसंकोच म्हणेन.

घर राखणे सर्वत्र निर्दोष असते असे मात्र नव्हे. टेक्सासने १८३९ मध्ये, ते स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, राहत्या घराला धनकोपासून संरक्षण दिले, ते उदार होते. परंतु जेथे घराच्या किमतीला मर्यादाच नाही अशा टेक्सासात किंवा फ्लोरिडात जाऊन धनिकांनी आपली रोकड वाड्याच्या विटांत लपवली, आणि २००५ मध्ये संहितेला त्यास आळा घालावा लागला. निवाऱ्याला मिळालेले अभय वैभवाला लावणे ही सरळ चोरी आहे. आपल्या भारतातील २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत, धनकोंच्या हाती न जाणाऱ्या मालमत्तेच्या व्याख्येत, ठरावीक किमतीपर्यंतचे एक राहते घर येते, पण ते बोजारहित असेल तरच. म्हणजे ज्याला कर्ज काढूनच घर घ्यावे लागले, त्या सामान्य माणसाला या तरतुदीचा आसरा नाही, आणि हे मला खटकते.

क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तरीही उरतो. तुकाराम महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाट्याची. भावाच्या वाट्याची त्याला वेगळी काढून दिली, असे परंपरा सांगते. राज्यसंस्था मात्र परक्याच्या वाट्याची खते बुडवते. ती माणसाला आजन्म दास्यातून सोडवण्यासाठी तसे करते, म्हणून तिचे करणे मी योग्य मानतो. पण धनकोने स्वतः माफ केले, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि हे ऋणकोने विसरू नये.

म्हणून बँकेने पुढे केलेल्या पुनर्स्वीकाराच्या करारावर, ज्याने सुटलेली वैयक्तिक जबाबदारी पुन्हा अंगावर येते, केवळ अपराधी भावनेने सही करू नये. बँकेपाशी घर तारण आहे, आणि हप्ते वेळेवर येत असतील तर ती ते बहुधा निमूट स्वीकारते. सही होऊन गेलीच असेल, तर मुक्तीचा हुकूम होईपर्यंत किंवा करार न्यायालयात दाखल झाल्यापासून साठ दिवसांपर्यंत, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर, ती मागे घेता येते. कर्तव्यबुद्धी जेथे खर्ची घालावी अशी जागा, ही मुदत सांगणाऱ्या अमेरिकन संहितेच्या ५२४ व्या कलमातच, दुसरीकडे आहे: मुक्त झालेल्या ऋणकोने कोणतेही ऋण स्वेच्छेने फेडावयास कायद्याची आडकाठी नाही, असे तेथे एक पोटकलम सांगते. पतकार्डाच्या कंपन्या बुडीत रकमेचा अंदाज धरूनच व्याज आकारतात, त्यांचे देणे शेवटी आले तरी चालेल. ज्याने मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून हात दिला, त्या मित्राकडे, पहिली पन्नास डॉलरची रक्कम शिल्लक पडेल त्याच महिन्यात, कोणी न मागता नेऊन द्यावी. आणि ज्याचे घर शाबूत आहे, त्यालाच अशी शिल्लक कधी काळी पडण्याचा संभव असतो.