खडी संपल्यावर

भोरच्या एका पोरानं नवी मोटारसायकल घेतली. पावणेदोनशे किलोचं धूड, सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. वरंध घाटाकडं जाताना नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं रस्त्याचं काम निघालेलं. डांबर उखडलेलं आणि वर सुटी खडी. पोरगा बिचकला. पण जाणत्यांनी सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं. खडीवर टायरला पकड नसते, म्हणून पुढचा ब्रेक आवळायचा नाही. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. वेग आधीच कमी करायचा, हँडल सैल धरायचं, नजर लांब ठेवायची. चाक थोडं हललं तर हलू द्यायचं, चालती गाडी आपोआप सरळ होते. त्यानं सगळं तस्संच केलं आणि पार झाला.

डांबर लागलं. पुढं टपरीवर ओळखीची पोरं दिसली. डावा हात उंचावत त्यानं हँडल उजवीकडं वळवलं आणि गाडी थांबता थांबता पुढचा ब्रेक दाबला. गाडी वळल्या बाजूला कलली. टेकवलेला पाय नेमका रस्त्यावर उडालेल्या चार खड्यांवरून सरकला. गाडी आडवी!

दुधाचे रिकामे कॅन लावून एक काका मागनं येत होते. त्यांनी आधी पडलेल्या गाडीचं इंजिन बंद केलं.

"काका, एवढी खडी निभावली आन् हितं पडलो!" पोरगा रडवेला झाला.

"खडीत तुला भीती होती, म्हणून ध्यान होतं. भीती गेली, तिच्यामागं ध्यानबी गेलं. गाडीचं वजन मात्र तेवढंच राहिलं की! चालती गाडी चाकं सावरत्यात, थांबती गाडी माणसानंच सावरायची असती."

गाडी थांबवणं हा चालवण्याचाच भाग आहे, आणि नव्या पोरांना तो कुणी नीट शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. काकांनी मात्र शिकवलं, आणि पडलेली गाडी उचलायची कशी तेही दाखवलं. पहिला गिअर टाकला, डावीकडचा स्टँड उघडला, पोराला सीटकडं पाठ करून बसवलं. कंबर न वाकवता, पायांच्या जोरावर मागं रेटत दोघांनी गाडी उभी केली. स्टँड कडेच्या मुरमात रुतू नये म्हणून खाली चपटा दगड सरकवला.

पोरगा वाकलेला ब्रेकचा लिव्हर सरळ करायला लागला.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले, "वढलास तर तुटंल. भोरात नवा बसव. तवर हळू चल, मी हाय मागं."