आधी तोतया, मग हेर

१७७६ साली एक माणूस आपण सदाशिवरावभाऊ असल्याचे सांगत कोकण काबीज करून बोरघाटापाशी आला आणि राजमाचीपर्यंत पोचला. खरे भाऊ पंधरा वर्षांपूर्वी पानिपतावर पडले होते. पण त्यांच्या मरणाविषयी अनेकांच्या मनात शंका उरली होती, आणि तेवढी फट तोतयाला पुरली. पूर्वी पुण्यात चौकशी होऊन त्याला कैद झाली होती. तरी सुटल्यावर किल्ल्यामागून किल्ला त्याच्या हाती येत गेला. प्रत्येक ठिकाणी तट फोडावा लागला नाही. आतल्या माणसाला समोरचा खरा वाटला की मग दरवाजा कितीही भक्कम असून काय उपयोग? अखेर पेशव्यांच्या फौजेने त्याला राजमाचीहून पिटाळले, आंग्र्यांनी पकडून दिले आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

त्याच राजमाचीच्या परिसरात आज वेगळी वर्दळ आहे. तळेगावच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनतात, फ्लोरिकल्चर पार्कात आणि पवन मावळात गुलाबाची पॉलिहाऊस उभी आहेत, लोणावळ्यात हॉटेले आणि बंगल्यांची बुकिंग चालतात, आणि जमिनीचे व्यवहार तर मावळ तालुकाभर. ड्रॉइंग, दरपत्रके, करारांचे मसुदे, खाते क्रमांक, सगळे ईमेलवरून जाते. म्हणून उद्योजक विचारतात, कुठली ईमेल सेवा सुरक्षित? या प्रश्नामागची भीती हेराची असते. कुणीतरी वाटेत आपले पत्र फोडून वाचेल, ही ती भीती. ती खोटी नाही. पण लहान-मध्यम धंद्याला एका फटक्यात बसवतो तो बहुधा तोतया. आपण कुलपाची चौकशी करत राहतो आणि दार मात्र ओळखीचा आवाज ऐकून आपणच उघडतो.

गुलाबाचेच घ्या. व्हॅलेंटाइन डेचा माल जानेवारीअखेरीपासून परदेशी जाऊ लागतो आणि त्या दिवसांत पॉलिहाऊसवर मान वर करायला फुरसत नसते. दांडीच्या लांबीप्रमाणे प्रतवारी, वीस-वीस फुलांचे बंच, कोल्ड स्टोअरेज, गाडी, विमान. याच गडबडीत तिकडच्या ग्राहकाला मेल जातो: आमचे ऑडिट चालू आहे, या खेपेचे पैसे खालील खात्यात टाका. खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा. इन्व्हॉइसचा क्रमांक बरोबर, सहीची धाटणी नेहमीची. फक्त पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे खेटून बसलेली. मोबाइलच्या पडद्यावर ते कुणाला दिसणार? यात चोराने कसलीही सांकेतिक लिपी उलगडलेली नसते. दोघांपैकी एकाचा पासवर्ड मिळवून तो बरेच दिवस नुसता वाचत बसलेला असतो. बरेचदा त्याने मेलपेटीत एक नियमही लावून ठेवलेला असतो, की ‘पेमेंट’ शब्द असलेल्या प्रत्येक पत्राची प्रत परस्पर आपल्याकडे यावी. नंतर पासवर्ड बदलला तरी तो नियम कुणी काढत नाही.

अशा फसवणुकीच्या तक्रारींतले नुकसान अमेरिकेच्या एफबीआयने २०२३ या एका वर्षासाठी २.९ अब्ज डॉलर इतके नोंदवले. त्याहून बोलका प्रकार गूगल आणि फेसबुकचा. लिथुएनियाच्या एका इसमाने २०१३ ते २०१५ या काळात क्वांटा या तैवानी पुरवठादाराच्या नावाने खोटी इन्व्हॉइस पाठवून या दोन कंपन्यांकडून दहा कोटी डॉलरच्या वर रक्कम उकळली. जिची मेलसेवा जगभर वापरली जाते ती कंपनीही मेलवरच फसली. तिची सेवा कच्ची नव्हती. पैसे कुणाच्या शब्दावर सोडायचे, हा प्रश्न सेवेच्या बाहेरचा होता.

याचे मूळ ईमेलच्या घडणीत आहे. मेल पोचवण्याचा जो नियम आजही मुळाशी आहे तो १९८२ साली लिहिला गेला, आणि पाठवणाऱ्याचे नाव खरे आहे का, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. पाकिटावर कुणीही कुणाचेही नाव लिहावे. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत याबाबत जास्त सावधपणा दिसतो. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की मोर्तब. पहिलीने पत्र कुणाचे ते कळे, दुसरीने खाली कुणी ओळ घुसडली नाही याची खात्री पटे. ईमेलला ही सोय फार उशिरा आली. एसपीएफ सांगते की या कंपनीच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. डीकेआयएम पत्रावर गणिती शिक्का मारते. वाटेत मजकूर बदलला तर तो जुळत नाही. आणि डीमार्क सांगते की या कसोट्यांना न उतरलेल्या पत्राचे काय करायचे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले.

त्यामुळे सेवा निवडताना पहिला प्रश्न असा: माझ्या नावावर शिक्का मारण्याची सोय आहे का? त्यासाठी स्वतःचे डोमेन लागते. कंपनीचे नाव पुढे लावून काढलेल्या फुकट जीमेलवर हा शिक्का तुमचा नसतो. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल, प्रोटॉन, सगळीकडे ही सोय आहे; पण डीमार्क नुसते पाहणीवर ठेवले तर ते काही अडवत नाही, ते नकारावर न्यावे लागते. दुसरे, प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि दुहेरी पडताळणी. ‘अकाउंट्स’ नावाची एकच पेटी, चौघांना माहीत असलेला पासवर्ड आणि नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनवर अजून चालू असलेले लॉगिन, ही मावळातल्याच काय, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतली नेहमीची गोष्ट. आणि ‘एम’च्या जागी ‘आर-एन’ करणाऱ्याला यातले काहीच अडवत नाही, कारण ते डोमेन त्याचे स्वतःचे असते.

हेराचा बंदोबस्त त्यानंतर. जिनिव्हात सर्न या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी २०१४ मध्ये सुरू केलेली प्रोटॉन मेल किंवा जर्मनीची टूटा यांत पत्राचा मजकूर सेवा देणाऱ्यालाही वाचता येत नाही. वकिलाशी चाललेला जमिनीचा वाद, टेंडरचे दर, नव्या भागाचे ड्रॉइंग यांसाठी ही सोय मोलाची आहे. पण समोरचाही त्याच सेवेवर असेल तर ती आपोआप चालते, नाहीतर वेगळी खटपट करावी लागते. प्रोटॉनमध्ये पत्राचा विषय या आवरणाबाहेर राहतो. कायदाही सुटत नाही: २०२१ मध्ये स्विस आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला, आणि एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही सेवा भारतात बंद करण्याची कारवाई सुरू करायला केंद्राला सांगितले. ज्या पत्त्यावर धंद्याचा सगळा पत्रव्यवहार आहे, तो असा अधांतरी असून चालेल का, हे ज्याने त्याने ठरवावे. उलट केंद्र सरकारने आपल्या लाखो कर्मचाऱ्यांची मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेली. तिथे गुप्ततेपेक्षा वजन दिले गेले ते स्वदेशीपणाला आणि आपल्या ताब्यात असण्याला. सुरक्षा कुणापासून हवी, यावर उत्तर बदलते.

आणि मग सेवेच्या हाताबाहेरचा भाग. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून एक कोटीहून जास्त रक्कम गेली. निरोप आला होता व्हॉट्सअ‍ॅपवर, कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने. जगातली सर्वांत भक्कम मेलपेटी तिथे असती तरी ती या व्यवहारात आलीच नसती. यावर उपाय एकच आणि तो फुकट आहे: खाते क्रमांक बदलल्याचा किंवा तातडीने पैसे सोडण्याचा निरोप कुठूनही आला, तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन लावायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच, तर बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवायचे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

फुकट असूनही हा उपाय सर्वांत अवघड ठरतो. आपल्याकडे धंदा शब्दावर चालतो. वर्षानुवर्षांच्या पुरवठादाराला ‘खाते तुमचेच ना?’ विचारणे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवण्यासारखे वाटते, आणि मालकाला उलट फोन करणे तर आगाऊपणा. तोतया याच भिडेवर जगतो. म्हणून ही विचारणा कुणाच्या मर्जीवर न ठेवता पेढीचा नियम केली पाहिजे आणि तो मालकाने आधी स्वतःला लावून घेतला पाहिजे. त्याच्या नावाने आलेला मेल थांबवून हिशेबनिसाने त्यालाच फोन केला आणि मालक मीटिंगमधून उठून म्हणाला, ‘बरे केलेस विचारलेस’, तर त्या ऑफिसात साध्या सेवेवरही भागेल. तो खेकसला, तर पुढच्या वेळी हिशेबनीस विचारणार नाही, आणि मग वर्षाकाठी सेवेवर किती रुपये भरले याला फारसा अर्थ राहत नाही.