शिष्यांचा प्रश्न

वाचावयाचा भाग : मार्क ९ : १४–२९



डोंगरावरून प्रभु खालीं उतरला तेव्हां त्याला काय दिसलें? लोकांचा गराडा, शास्त्र्यांचा वाद, आणि मध्यें एक दुःखी बाप. त्याच्या मुलास बाळपणापासून फेफरें येत असे. तें आलें म्हणजे मुलगा जमिनीवर आपटे, तोंडाला फेंस येई, दांत करकर वाजत व अंग ताठ होई. कित्येकदां तो विस्तवांत व पाण्यांत पडला होता. बापानें त्याला शिष्यांकडे आणिलें, पण त्यांच्यानें कांहीं झालें नाहीं. शास्त्री वाद घालीत होते, गर्दी पाहात होती, आणि मूल तसेंच होतें. प्रभूनें बापास काय विचारलें? हें याला किती काळापासून होत आहे, एवढेंच. आजही चांगला डॉक्टर रोग्याच्या आईबापांस आरंभीं हाच प्रश्न करितो.

मूल बरें होऊन गर्दी पांगल्यावर एक लहानशी गोष्ट घडते, तिच्याकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. शिष्य घरांत एकांतीं प्रभूजवळ येतात व विचारितात कीं, आपल्याला हें कां साधलें नाहीं. वाद घालणाऱ्यांपैकीं कोणींही हा प्रश्न विचारिला नाहीं. ज्यांनीं हात लावून पाहिला व ज्यांस अपयश आलें, त्यांनींच तो विचारिला. आज मला या प्रश्नाविषयींच बोलावयाचें आहे; परंतु त्याआधीं माझा एक दोष तुमच्यापुढें कबूल केला पाहिजे.

बारा वर्षांपूर्वीं मी ज्या मंडळीचा पाळक होतों, तेथें एका शेतमजुराच्या मुलास आकडी येई. तालुक्याच्या डॉक्टरांनीं गोळ्या सुरू केल्या आणि आकडी थांबली. सहा महिने मुलगा शाळेंत गेला. मग एका उपासाच्या सभेंत कोणी बापास म्हणालें कीं, गोळी चालू ठेवणें म्हणजे विश्वास कमी असणें होय. बापानें त्याच संध्याकाळीं गोळ्या ओढ्यांत टाकिल्या. मी तेथें होतों. हें बरोबर नव्हे असें मला वाटलें होतें. पण सभेचा उत्साह मोडूं नये म्हणून मी गप्प राहिलों. चौथ्या दिवशीं मुलगा चुलीपाशीं पडला. त्याचा उजवा हात आजही पुरता उघडत नाहीं. फेफऱ्याचें औषध एकाएकीं बंद केलें तर आकड्या पूर्वीपेक्षां जोरानें येऊं शकतात, आणि कधीं कधीं आकडी थांबतच नाहीं व जीव जातो, हें मी मागाहून शिकलों. बापाच्या विश्वासास मी नांव ठेवीत नाहीं. दोष माझ्या मौनाचा होता.

मार्क त्या मुलाविषयीं अशुद्ध आत्म्याचा उल्लेख करितो, तो मी नाकारीत नाहीं. परंतु मत्तय आपल्या चवथ्या अध्यायांत प्रभूकडे आणिलेल्या रोग्यांची यादी देतो, तींत भूतग्रस्त निराळे सांगितले आहेत आणि फेफरेकरी निराळे. मग ज्याला आकडी येते त्या प्रत्येकास भूतग्रस्त म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला? ग्रीस देशांत ख्रिस्ताच्या पूर्वीं सुमारें ४०० वर्षें हिपोक्रेटिस याच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांत हा रोग मेंदूचा आहे असें सांगितलें आहे. आपल्या चरकसंहितेंतही अपस्माराचें वर्णन व चिकित्सा आहे. मेंदूंतील पेशी अगदीं सूक्ष्म विजेच्या लहरींनीं एकमेकींशीं बोलत असतात. पुष्कळ पेशी एकाच वेळीं भडकल्या म्हणजे आकडी येते. जन्मतांना बसलेला धक्का, डोक्याचा मार, मेंदूचा ताप, डुकराच्या मांसांतील पट्टकृमीचीं अंडीं पोटांत जाऊन मेंदूंत धरलेल्या गांठी, अशीं कारणें सांपडतात. कित्येकदां कारण सांपडतही नाहीं. चप्पल हुंगविल्यानें किंवा कांदा नाकाशीं धरल्यानें यांतलें कांहींच बदलत नाहीं. आकडी आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेस मिळतें!

आतां शिष्यांचा प्रश्न पुढें कोणीं कोणीं विचारिला तें पाहा. १८५७ सालीं लंडन येथें डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनीं पोटॅशियम ब्रोमाइड नांवाच्या क्षारानें आकड्या थांबल्याचें सांगितलें. गुण आला खरा, पण माणूस सुस्त होई व अंगावर पुरळ उठे. १९१२ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान रोग्यांस झोंपेसाठीं फिनोबार्बिटल देत होते. त्यानें आकड्याही कमी होतात असें त्यांच्या ध्यानांत आलें. हें स्वस्त औषध आजही लाखों गरिबांच्या उपयोगी पडतें. ज्यानें तें दाखवून दिलें, त्याला पुढें यहूदी म्हणून हिटलरच्या राजवटींत देश सोडावा लागला.

फिनोबार्बिटलनेंही गुंगी येत असे. गुंगी आल्याशिवाय आकडी थांबणारच नाहीं, अशी वैद्यांची समजूत होऊन बसली होती. बॉस्टन शहराच्या इस्पितळांत ट्रेसी पटनम व ह्यूस्टन मेरिट या दोघांनीं ती समजूत मानिली नाहीं. मांजरांच्या डोक्यास विजेचा सौम्य झटका देऊन, कोणत्या पदार्थानें आकडी अडते तें त्यांनीं एकामागून एक पदार्थ घेऊन तपासलें. अशा रीतीनें १९३८ सालीं फेनिटॉइन जगापुढें आलें. तो पदार्थ १९०८ सालींच तयार झालेला होता. त्यानें झोंप येत नाहीं म्हणून तो तीस वर्षें निरुपयोगी समजला गेला. (त्या मुक्या जनावरांचेंही ऋण आपल्यावर आहे.) वॅल्प्रोएटची कथा तर याहून नवलाची. फ्रान्सांत १९६२ सालीं कांहीं नवीं औषधें तपासतांना तीं विरघळविण्यास हा द्रव घेतला होता. जें जें त्यांत विरघळविलें तें तें गुणकारी ठरूं लागलें, तेव्हां कळलें कीं गुण त्या औषधांचा नसून द्रवाचाच आहे. मात्र गरोदर स्त्रीनें तें घेतल्यास गर्भास अपाय होऊं शकतो, हेंही पुढें कळलें. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलींनीं व स्त्रियांनीं डॉक्टरांस आधीं विचारावें. आपल्या मनानें मात्र औषध सोडूं नये.

यानंतर औषधें पुष्कळ झालीं. १९९९ सालीं अमेरिकेंत लेव्हेटिरासिटामला परवानगी मिळाली, आणि आतां तें आपल्याकडेही सर्रास दिलें जातें. २०१८ सालीं भांगेच्या झाडांतून काढलेल्या, पण नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑलला बालकांच्या कांहीं अवघड फेफऱ्यांसाठीं परवानगी मिळाली. सेनोबामेट २०१९ सालीं आलें. एक एक औषध पुरतें होण्यास दहा-दहा वर्षें व त्याहून अधिक लागतात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें देवानें जी बारीक भिंत घातली आहे, ती ओलांडून जाणें बहुतेक पदार्थांस साधत नाहीं. आधीं जनावरांवर, मग थोड्या धडधाकट माणसांवर, मग रोग्यांवर परीक्षा होते. कांहींना खरी गोळी व कांहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी, नेहमींच्या औषधाच्या जोडीस देतात. कोणाला कोणती मिळाली हें रोग्यालाही ठाऊक नसतें आणि डॉक्टरलाही नसतें. ज्यानें स्वखुषीनें ही चिठ्ठी उचलली आणि ज्याच्या वांट्यास पोकळ गोळी आली, त्यानें कोणा अनोळखी शेजाऱ्यासाठीं आपल्या आकड्या सोसल्या. चांगल्या शोमरोन्यावर उपदेश करितांना मला अलीकडे अशीं माणसें आठवतात.

इतकें होऊनही अपयश उरलेंच आहे, आणि तें शोधकांनीं झांकून ठेविलें नाहीं. ग्लासगो येथील डॉक्टरांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलें कीं, नवीन रोग्यांपैकीं शेंकडा ४७ जणांची आकडी पहिल्या औषधानें थांबली, आणखी १३ जणांची दुसऱ्यानें, आणि तिसऱ्यानें किंवा औषधांच्या जोडीनें आणखी फक्त ४ जणांची. २०१८ सालीं त्यांनीं तीस वर्षांतील १,७९५ रोग्यांचा हिशेब मांडला. मध्यंतरीं पुष्कळ नवीं औषधें आलीं होतीं, तरी आंकडा शेंकडा ६४ वरच राहिला. औषधें आकडी दाबतात, रोगाचें मूळ काढीत नाहींत. डोक्याला मार लागल्यावर पुढें होणारें फेफरें अगोदरच टाळील असें सिद्ध झालेलें औषध अजून नाहीं. एवढें मान्य करून पुन्हां कामास लागणें, यालाच मी शिष्यांचा प्रश्न म्हणतों.

प्रभूनें त्यांस प्रार्थनेविषयीं उत्तर दिलें. तें उत्तर पुढें करून कोणी गोळ्या सोडावयास सांगेल, तर त्याला हिज्कीया राजाची गोष्ट वाचून दाखवा. राजानें रडून प्रार्थना केली, देवानें पंधरा वर्षें आयुष्य वाढवून दिलें, आणि त्यानंतर यशयानें गळवावर अंजिरांचें पोटीस बांधविलें. प्रार्थना ऐकिली गेली होती, तरी पोटीस बांधलेंच.

जगांत सुमारें ५ कोटी लोकांस हा रोग आहे. वेळेवर ओळखून उपचार मिळाले तर त्यांतील शेंकडा ७० पर्यंत लोकांस आकडीवांचून राहतां येईल, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु गरीब देशांत चारांपैकीं तिघांस औषधच मिळत नाहीं. उपदेशक बंधूंनो, नवें औषध शोधणें आपलें काम नव्हे, पण जुनें औषध घरोघर पोंचतें कीं नाहीं तें पाहणें आपलें आहे. कोणास आकडी आली तर त्याला एका कुशीवर वळवा, डोक्याखालीं मऊ कापड द्या, तोंडांत चमचा किंवा बोट घालूं नका, दाबून धरूं नका, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजूं नका. पांच मिनिटांत थांबली नाहीं तर गाडी मिळेल ती करून दवाखान्यांत न्या.

तो मुलगा आतां वीस वर्षांचा आहे. त्याच्या बापानें पुन्हां गोळ्या आणिल्या. आतां सकाळ-संध्याकाळ दोन प्रकारच्या आहेत. तरी वर्षांतून तीन-चार वेळां तो अजून पडतो. गोळ्यांनीं ज्यांची आकडी पुरती थांबत नाहीं त्यांपैकीं तो आहे. मी त्या गांवीं गेलों कीं त्याची आई प्रथम पाणी देते आणि मग विचारिते, "पाळकसाहेब, नवी गोळी निघाली का हो?" मी सांगतों, "शोध चालू आहे, बाई. या खेपेस डॉक्टरांस पुन्हां विचारूं." ती डबा उघडून संध्याकाळची गोळी त्याच्या डाव्या हातावर ठेविते, तो ती गिळतो, आणि मग आम्ही चौघे प्रार्थनेस बसतों.