होळीपुरती हद्द

नवापूर रेल्वे स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन 1 मे 1960 च्या आधीचं. राज्यं नंतर वेगळी झाली आणि फलाट दोघांत वाटला गेला. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. फाल्गुनातल्या एका संध्याकाळी मी त्या बाकावर आबांसोबत बसले होते. आबा बरीच वर्षं गावचे पोलीस पाटील होते, मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. गुजरातेतून ऊसतोडीहून परतलेल्या माणसांनी फलाट भरला होता. गोधड्यांची गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, पेंगुळलेली पोरं. कामाचा हिशेब राहिला तरी चालेल, पण होळीला घरी पोचायचंच.

"आबा, समजा या गर्दीत एक तडीपार आहे," मी म्हटलं. "बाकीचे जीप धरून पाड्यावर जातील. त्यानं मात्र या रेघेच्या अलीकडे पाऊल टाकलं की गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद."

"मग त्यानं अर्ज करावा. पोलीस कायद्यात सोय आहे ना?"

आहे. 1951 च्या कायद्याचं कलम 62. तडीपार माणसाला ठरावीक मुदतीसाठी हद्दीत यायची परवानगी मिळू शकते. अटी घालतात, हमीपत्र घेतात, जामीनदार मागतात. मुदत संपली की त्यानं आपणहून बाहेर जायचं.

"कशासाठी द्यावी परवानगी, तुमच्या मते?"

"मयत. मुलीचं लग्न. आई दवाखान्यात असली तर." आबा थांबले. "मयतीचं म्हणशील तर कागदावर सही होईस्तोवर माती झालेली असते. माणूस दिवसांनाच पोचतो."

"आणि होळी?"

"होळी हे काय कारण झालं?"

हे आबांनी म्हणावं याचं मला वाईट वाटलं. आमच्या भागात दिवाळी चुकली तर चालते, होळी चुकत नाही. मी त्यांना अमेरिकेतला एक निकाल सांगितला. तिथंही प्रवेशाला अपात्र ठरलेल्या परक्या माणसाला तात्पुरतं आत घेण्याची सोय आहे. 1978 साली कॅनडातल्या एका तरुणीचं प्रकरण तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळापुढे आलं. तिला आधी देशाबाहेर काढलेलं होतं. तिला यायचं होतं ते नातेवाइकांना भेटायला, खरेदीला, फिरायला. मंडळानं तीन गोष्टी तोलायला सांगितल्या: ती आल्यानं समाजाला धोका किती, आधीचा गुन्हा केवढा, आणि यायचं कशासाठी. शिवाय हेही सांगितलं, की कारण फार मोठं असायलाच हवं असं नाही. तिला परवानगी मिळाली.

"म्हणजे घरी यावंसं वाटणं हेच कारण पुरे?"

"धोका नसेल तर, हो."

"आणि धोका आहे की नाही, ते कोण सांगणार?" आबा माझ्याकडे वळले. "तडीपारी कशी होते ते तुला मी सांगायला नको. उघड साक्ष द्यायला माणसं भितात, म्हणून गुपचूप जबाब घेतात. अशा एका घरी मी गेलो होतो. बाईनं दार लावलं. मग चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पाणी मारलं, उजेड नको म्हणून. पोरं अर्धी जेवलेली. अंधारात बोलली ती. आता तिला जाऊन सांगू, तो येतोय, चारच दिवस? तिची होळी गेली ना, बेटा."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तरी म्हटलं, "कागद चुकतोही, आबा. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये जालन्याच्या प्रकरणात सांगितलं, की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या संचाराच्या मूलभूत हक्कावर घाव घालणारा. पुरेशी कारणं न देता दोन वर्षांची कमाल मुदत लावता येत नाही. आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवा. गदर चळवळीतला क्रांतिकारक, मेक्सिकोत नावाजलेला शेतीतज्ज्ञ. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होतं, म्हणून स्वतंत्र भारतानंही त्यांना आधी व्हिसा नाकारला! यादी करणारे गेले, यादी राहिली."

"खानखोज्यांच्या भीतीनं कुणी चूल विझवली नव्हती."

हे खरं होतं. मी मान्य केलं.

"मग आधी तिला विचारावं," मी म्हटलं.

"तिला विचारायला शिपाई गेला की तिचं नाव गावाला कळलं."

"तुम्ही विचाराल."

"मी विचारीन. ती नको म्हणाली तर? एकाचं घरी येणं तिच्या जिभेवर ठेवायचं? तेवढं ओझं तिच्यावर टाकणार तू?"

नाही टाकणार. सही ज्याची, निर्णय त्याचा. पण मला वाटतं, सही करणाऱ्यानं हद्दीचा विचार वेगळा करायला हवा. आदेशात जिल्हा लिहितात, नंदुरबार, सोबत धुळेसुद्धा. भीती मात्र जिल्हाभर पसरलेली नसते. ती एका दारापाशी असते, एका हापशावर, बाजाराच्या एका दिवशी. बाहेर काढताना जिल्हा मोजला, तरी आत घेताना ते दार मोजता येतं. "त्यानं फक्त स्वतःच्या पाड्यात यावं," मी म्हटलं. "होळी पेटेल तिथं उभं राहावं, आईच्या घरी झोपावं. तिच्या पाड्याकडे फिरकायचं नाही, बाजारात जायचं नाही. तो यायच्या आत तिला तारखा कळाव्यात, आणि तो गेला हेही तिला कुणीतरी येऊन सांगावं. कलम अटी घालायला मोकळीक देतंच. मग त्या अटी तिच्या दारावरून ठरवू."

"पाडे तू पाहिलेत ना? त्याच्या पाड्यावर जायला रस्ता एकच. तिच्या अंगणावरून जातो."

मी गप्प बसले. गाडीची घोषणा झाली, हिंदीत, इंग्रजीत, मराठीत, गुजरातीत. गाठोडी डोक्यावर चढली. एका बाईनं झोपलेलं पोर खांद्यावर टाकलं आणि आमच्यासमोरून रेघ ओलांडून निघून गेली.

आबा बराच वेळ तिकडे बघत होते.

"खालच्या अंगानं नाला आहे," ते म्हणाले. "होळीपर्यंत कोरडा पडतो. तिथून चालत वर जाता येतं."